पील, घासणी की मशीन: चेहऱ्याची मृत त्वचा काढण्याआधी काय ठरवावे

मागच्या मार्गशीर्षात माझी भाची लग्नाच्या खरेदीसाठी इंदूरला आली, तेव्हा विजयनगरमधल्या एका क्लिनिकचे दरपत्रक तिच्या पर्समध्ये होते. ग्लायकोलिक पील, मॅन्डेलिक पील, पार्टी पील, डायमंड पॉलिशिंग, हायड्रा फेशियल, कार्बन फेशियल आणि डर्माप्लेनिंग अशी सात नावे त्यावर एकाखाली एक छापलेली होती, आणि तिचा प्रश्न अगदी सरळ होता: ‘मावशी, यांतले सगळ्यांत चांगले कोणते?’

या रूपात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, असे मी तिला सांगितले. सातही उपचार त्वचेचा वरचा मृत थर काढण्याचेच काम करतात. फरक असतो तो खोलीचा, साधनाचा आणि चूक झाली तर ती किती महागात पडते याचा. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, आम्ल आणि पीएच (आम्लपणाचे माप; आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) यांचे धडे किती वर्गांना घोकून घेतले याची गणती नाही, आणि तरीही पुतण्याच्या मुंजीच्या चार दिवस आधी, ऐन वैशाखात, एका पार्लरमध्ये ‘हे आम्ल कोणते आणि किती टक्क्यांचे’ एवढेही न विचारता मी गालांना पील, म्हणजे मृत त्वचा सोलणारे आम्लाचे द्रावण, लावून घेतले होते. मुंजीच्या फोटोंत माझ्या डाव्या गालावर जो तपकिरी डाग दिसतो, तो पूर्ण जायला आठ महिने लागले. त्यानंतर मी या विषयाचे जे वाचन केले आणि त्वचारोगतज्ज्ञांना जे प्रश्न विचारले, त्यांच्या आधारे निवडीचा क्रम पुढे मांडला आहे. मी डॉक्टर नाही. हा लेख डॉक्टरांकडे जाताना कोणती माहिती हाती असावी, यासाठी आहे.

निघते ते नेमके काय

त्वचेचा सर्वांत वरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो मेलेल्या, चपट्या पेशींच्या साधारण पंधरा ते वीस पापुद्र्यांचा असतो आणि चेहऱ्यावर त्याची एकूण जाडी डोक्यावरच्या एका केसापेक्षाही कमी भरते. खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण वयात सुमारे २८ दिवस लागतात. वय वाढते तसा हा काळ लांबतो, आणि म्हणूनच चाळिशीनंतर चेहरा निस्तेज वाटू लागतो. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रिबिटांनी जोडलेल्या असतात. घासणी आणि मशीन त्या रिबिटांसकट पेशी खरवडून काढतात, आम्ले रिबिटे सैल करतात, आणि लेसर सरळ थर जाळतो किंवा उडवतो.

हा थर म्हणजे मळ नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. शरीरातले पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचे काम हाच थर करतो. ‘जितके जास्त सोलाल तितके आतले ताजे रूप बाहेर येईल’ ही समजूत कांद्याला लागू पडते, चेहऱ्याला पडत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये, ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते, यावरून त्वचेचे वर्गीकरण सुचवले. पुढे त्याचे सहा प्रकार झाले आणि बहुतेक भारतीय त्वचा तिसऱ्या ते पाचव्या प्रकारांत येते. अशा त्वचेला इजा झाली, की ती बरी होताना जास्तीचे रंगद्रव्य तयार करते आणि डाग मागे ठेवते. गोऱ्या कातडीसाठी लिहिलेल्या परदेशी लेखांत जी तीव्रता ‘मध्यम’ म्हटलेली असते, ती आपल्याकडे धाडसाची ठरते. उथळ उपचार पुन्हा पुन्हा करणे हे एकदाच खोल उपचार करण्यापेक्षा आपल्या त्वचेला बहुतेक वेळा मानवते, आणि दरपत्रकावरचे कोणतेही नाव निवडताना माझ्या मते हाच पहिला निकष असावा.

पहिली पायरी: तक्रारीला तिच्या खऱ्या नावाने ओळखणे

‘चेहरा डल दिसतो’ ही तक्रार नव्हे. चेहरा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, मेकअप न करता आरशात पाहावा आणि नेमके काय खुपते ते कागदावर लिहावे. नाकावरची काळी टोके, हनुवटीवरची चालू मुरमे, मुरमे बसल्यावर राहिलेले सपाट डाग, मुरमांचे खड्डे, गालाच्या हाडांवरचे वांग, कपाळावरचा खरखरीतपणा आणि डोळ्यांकडच्या बारीक सुरकुत्या या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत.

काही तक्रारी तर सोलण्याच्या नसतातच. मानेची मागची बाजू आणि काखा काळ्या, जाडसर आणि मखमलीसारख्या झाल्या असतील, तर त्याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात आणि तो बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचा बाहेरचा खुणेचा दगड असतो. कित्येक आया मुलींच्या अशा माना बेसन आणि लिंबाने घासघासून सोलतात. तेथे आधी रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि वजनाकडे पाहावे, मानेचा रंग त्यामागोमाग उजळतो. तसेच पाठीवर, दंडांवर किंवा पायाच्या नडगीवर पाण्याच्या तरंगांसारख्या करड्या-तपकिरी रेघा उमटल्या असतील, तर आंघोळीच्या वेळची नायलॉनची जाळी हेच कारण असण्याचा संभव मोठा असतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तेथे अमायलॉइड नावाचा पदार्थ साठतो, आणि रंग काळा दिसतो म्हणून माणूस आणखी जोराने घासतो. या दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे जाळी फेकून देणे.

आणखी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा: गेल्या वर्षभरात औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली, ‘गोरेपणाची’ म्हणून मैत्रिणीने सुचवलेली एखादी ट्यूब चेहऱ्याला लावली आहे का? अशा अनेक मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्याबरोबर मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ आणि लाल होते, उन्हात चुरचुरते, आणि मलम थांबवताच चेहरा भडकतो. अशा चेहऱ्यावर पील म्हणजे भाजल्या जागेवर चटका. ट्यूबचे नाव लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे, आणि आधी तो नाद सोडवून घेऊन मगच बाकीच्या गोष्टींचा विचार करावा.

दुसरी पायरी: साधनांची ओळख

घरच्या घासण्यांपासून सुरुवात करू. नरकचतुर्दशीचे उटणे हेही मृत त्वचा काढण्याचेच साधन, आणि तेल लावून वर्षातून चार दिवस हलक्या हाताने लावले तर त्याने कोणाचे नुकसान होत नाही. टाचांसाठी वज्री उत्तम, पण ती टाचांपुरतीच ठेवावी. अक्रोडाच्या टरफलांचे किंवा साखरेचे भरड स्क्रब चेहऱ्यावर मी वापरणार नाही, कारण त्यांच्या कडा धारदार असतात आणि मुरमे असलेल्या गालावर ती फुटून संसर्ग पसरतो. लिंबाचा प्रकार तर त्याहून वाईट. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, त्वचेचा साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान. शिवाय लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन वर्गातली अशी द्रव्ये असतात, की ती त्वचेवर राहिली आणि ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठून मागे काळे ओघळ राहतात. खाण्याच्या सोड्याचे उलट आहे: तो अल्कधर्मी असल्याने त्वचेचा आम्लपणाच घालवतो. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून ती निरुपद्रवी, हा तर्क रसायनशास्त्रात टिकत नाही.

पपईतील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही विकरे प्रथिने तोडतात, त्यामुळे त्यांच्यावर आधारलेले ‘फ्रूट’ किंवा ‘एन्झाइम’ पील सौम्य असतात. त्यांचा परिणामही तितकाच सौम्य आणि थोडक्या दिवसांचा असतो.

खरी निवड आम्लांमध्ये करायची असते, आणि तेथे थोडा वेळ थांबणे आवश्यक आहे. उसात आढळणारे ग्लायकोलिक आम्ल हे या कुळातले सर्वांत लहान, रेणुभार ७६. लहान असल्याने ते भराभर आणि खोल शिरते, म्हणून गुण लवकर येतो आणि चूकही लवकर होते. दुधाच्या आंबण्यातून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लाचा रेणुभार ९० असून ते त्वचेत ओलावा धरून ठेवते, त्यामुळे कोरड्या चेहऱ्याला ते बरे पडते. कडू बदामाशी नाते असलेल्या मॅन्डेलिक आम्लाचा रेणुभार १५२ आहे. ते सावकाश आणि सारखे शिरते, म्हणून सावळ्या आणि नाजूक त्वचेवर पहिल्यांदाच पील करायचे असेल तर अनेक डॉक्टर त्यानेच सुरुवात करतात. सॅलिसिलिक आम्ल या तिघांहून वेगळे: ते तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने भरलेल्या रंध्रांत उतरून तेथला बूच सैल करते. काळी टोके आणि मुरमे यांच्यासाठी ते पहिल्या पसंतीचे, पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे आणि गरोदरपणात त्याचे पील टाळतात. ग्लुकोनोलॅक्टोनसारखी मोठ्या रेणूंची आम्ले सर्वांत मवाळ. चेहरा कशानेही चुरचुरणाऱ्यांनी घरच्या वापरासाठी त्यांच्याकडे पाहावे.

टक्केवारी हा अर्धाच आकडा असतो, हे मी वर्गात शिकवत असे आणि पार्लरच्या खुर्चीवर विसरले. ग्लायकोलिक आम्लाचा पीकेए ३.८३ आहे. याचा अर्थ असा, की द्रावणाचा पीएच ३.८ असेल तेव्हा त्यातले निम्मेच आम्ल मुक्त, म्हणजे त्वचेत शिरून काम करणाऱ्या रूपात असते, पीएच २.८ वर आणला तर सुमारे नव्वद टक्के मुक्त होते, आणि ४.८ वर नेला तर जेमतेम दहा टक्के उरते. म्हणून ‘३० टक्के’ एवढेच छापलेल्या दोन बाटल्यांपैकी एक गुलाबपाण्यासारखी आणि दुसरी चटका देणारी असू शकते. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने घरी वापरायच्या अशा आम्लांसाठी १० टक्के आणि किमान ३.५ पीएच, तर प्रशिक्षित हातांनी थोडा वेळ लावून धुऊन टाकायच्या द्रावणांसाठी ३० टक्के आणि किमान ३.० पीएच अशी मर्यादा घातलेली आहे. डॉक्टर क्लिनिकमध्ये याहून तीव्र, अगदी ७० टक्क्यांपर्यंतचे ग्लायकोलिक वापरतात, पण ते घड्याळ लावून आणि पायरीपायरीने. अशाच तीव्रतेच्या बाटल्या ऑनलाइन सहज मिळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असे पील वापरू नयेत, असा स्पष्ट इशारा ग्राहकांना दिला आहे.

ट्रायक्लोरॲसेटिक आम्ल, म्हणजे टीसीए, हे वेगळ्या जातीचे. ते त्वचेतील प्रथिने गोठवते आणि जागा पांढरी पडते. सोड्याच्या द्रावणाने ते नंतर थांबवता येत नाही, कारण लागले तेवढे काम त्याने केलेलेच असते. १०-१५ टक्क्यांचे टीसीए उथळ राहते, ३५ टक्क्यांच्या आसपास ते मध्यम खोलीला जाते आणि आपल्या रंगाच्या त्वचेवर डागाचा धोका बराच वाढतो. फेनॉलचे खोल पील हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून ते हृदयावर यंत्राने लक्ष ठेवूनच करतात. सावळ्या त्वचेने त्याच्या वाटेला जाऊ नये. पार्लरच्या यादीत यांपैकी एखादे नाव दिसले, तर तेथून उठून यावे.

मशीनची कामे थोडक्यात सांगता येतात. मायक्रोडर्माब्रेजन, ज्याला आपल्याकडे पॉलिशिंग म्हणतात, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण किंवा हिऱ्याच्या भुकटीचे टोक त्वचेवर फिरवून सुटलेला चुरा निर्वाताने ओढून घेतात. खरखरीतपणा आणि निस्तेजपणा यांना ते ठीक, चालू मुरमांवर नको, आणि वांग असेल तर घर्षणाने ते गडद होण्याची भीती असते. हायड्रा फेशियलमध्ये पाण्याची धार, ओढ आणि सौम्य आम्लाचे सीरम एकत्र असतात. चकाकी लगेच दिसते आणि थोड्याच दिवसांत ओसरते. डर्माप्लेनिंग म्हणजे सर्जिकल ब्लेडने चेहऱ्यावरची लव आणि मृत थर तासणे. त्यामुळे केस दाट उगवतात ही समजूत चुकीची आहे, मात्र हनुवटीवर मुळातच राठ केस असतील तर तो उपाय नव्हे. तेथे हार्मोन्सची तपासणी हवी. कार्बन फेशियलमध्ये काळे द्रावण लावून १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर मारतात. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर १०,६०० नॅनोमीटरचा असतो आणि तो मुरमांच्या खड्ड्यांसाठी आहे. तो पॉलिशिंगच्या शेजारी एकाच यादीत छापणे म्हणजे सुईच्या शेजारी कुऱ्हाड मांडणे.

तक्रार आणि साधन यांची सांगड आता घालता येते. तेलकट चेहरा, काळी टोके आणि बारीक मुरमे असतील तर २० ते ३० टक्क्यांचे सॅलिसिलिक पील विचारात घ्यावे. मुरमांचे सपाट डाग आणि सावळी, नाजूक त्वचा असेल तर मॅन्डेलिक किंवा लॅक्टिक बरे. नुसताच थकलेला चेहरा असेल तर हायड्रा किंवा एन्झाइम पुरेसे आहे, त्यासाठी जास्त धोका पत्करण्याचे कारण नाही. खड्डे कोणत्याही उथळ पीलने भरत नाहीत. त्यासाठी विकलेले सहा पीलचे पॅकेज म्हणजे पैसे पाण्यात. वांगाच्या बाबतीत पील हे औषध आणि सनस्क्रीन यांच्या जोडीचा दुय्यम उपाय आहे, आणि वांगावर पहिले पील त्वचारोगतज्ज्ञाशिवाय कोणाकडूनही करून घेऊ नये.

तिसरी पायरी: कॅलेंडर

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २२.७ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो. ग्लायकोलिकसारखी आम्ले वापरताना त्वचा उन्हाला अधिक हळवी होते आणि वापर थांबवल्यावर काही दिवसांनी पूर्ववत होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, की चैत्र ते ज्येष्ठ या काळात पीलची मालिका सुरू करणे का टाळावे, हे वेगळे सांगावे लागत नाही. मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत सोयीचा; माळव्याची थंडी कोरडी असते, तेव्हा मॉइश्चरायझर मात्र सढळ हाताने लावावे. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडणे ही नेहमीची चूक. अतिनील किरणे ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली येतात.

आपल्या गावाचा एक खास मुक्काम रंगपंचमीचा. राजवाड्यापाशी गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहायला जायचे असेल, आणि इंदूरकर माणूस जातोच, तर तिच्या आधीचे दोन आठवडे कोणतेही पील किंवा पॉलिशिंग करू नये. ताज्या सोललेल्या त्वचेत रंग मुरतो, चुरचुरतो, आणि तो काढण्यासाठी केलेली घासाघीस उरलेले नुकसान पूर्ण करते. रंगपंचमीनंतरही चेहरा पूर्ण शांत झाल्याशिवाय डी-टॅनच्या मागे लागू नये.

लग्नाचा हिशेब उलटा मोजावा. उथळ पील साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा वेळा करतात, आणि आधीच्या तयारीला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे मालिका करायचीच असेल तर लग्नाच्या पाच-सहा महिने आधी सुरुवात हवी आणि शेवटचे पील हळदीच्या किमान तीन आठवडे आधी व्हायला हवे. ओली हळद सोललेल्या त्वचेवर झोंबते आणि काहींना तिची ॲलर्जीही असते. लग्न महिन्यावर आले असेल तर नव्या पीलचा विचार सोडून द्यावा. पूर्वी एकदा करून मानवलेले हायड्रा फेशियल आठवडाभर आधी करायला हरकत नाही. ‘पार्टी पील’ हे नाव मात्र मुंजीच्या फोटोंपासून माझ्या घरात हद्दपार आहे.

चौथी पायरी: कोणाच्या हातून

क्लीनअप, एन्झाइम पॅक, सौम्य फेशियल पार्लरमध्ये व्हावे. आम्लाचे पील, लेसर आणि ब्लेड यांसाठी त्वचारोगतज्ज्ञच हवा. एमबीबीएसनंतर त्वचारोगशास्त्रातले एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल यांसारखी पदवी किंवा पदविका आणि मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक फलकावर किंवा चिठ्ठीवर असायला हवा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या शब्दावरून काहीच कळत नाही. खर्चाची अडचण असेल तर एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात निदान तरी करून घ्यावे. माझा अनुभव असा, की निम्मे काम निदानाने होते.

भेटीच्या वेळी हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत: आम्ल कोणते, टक्के किती, पीएच किती, प्रत्यक्ष लावणार कोण, आणि डॉक्टर त्या वेळी खोलीत असतील का, कानामागे चाचणी आधी करणार का, रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल, आणि सगळ्या बैठका मिळून, मलमे धरून, खर्च किती. प्रश्नांनी त्रासणारी जागा आपली नव्हे. बारा बैठकांचे पैसे आगाऊ भरल्यास सूट मिळते असे सांगितले जाते. पहिली बैठक मानवते की नाही हे कळण्याआधी अशी सूट स्वीकारू नये.

आपणही काही लपवू नये. गरोदर असल्यास किंवा बाळ अंगावर पीत असल्यास, तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येण्याची खोड असल्यास, जखमेचे व्रण जाड आणि उंच होत असल्यास, आणि मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असल्यास किंवा हल्लीच थांबवल्या असल्यास ते सांगावे. या गोळ्यांनंतर सरसकट सहा महिने थांबण्याचा जुना नियम २०१७ नंतर उथळ पीलच्या बाबतीत सैल झाला आहे, पण यंत्राने खोल घासण्याच्या बाबतीत अजून पाळला जातो, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांचा. फोडांची खोड असेल तर मध्यम पीलआधी विषाणूरोधक गोळ्या देतात.

पाचवी पायरी: आधी, त्या दिवशी आणि नंतर

तयारीच्या दोन ते चार आठवड्यांत डॉक्टर त्वचेला ‘प्राइम’ करतात, म्हणजे सनस्क्रीन आणि रात्रीचे एखादे मलम देतात. ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल त्यांनी सांगितल्याप्रमाणे पीलच्या काही दिवस आधी बंद करावे. शेवटच्या आठवड्यात चेहऱ्याचे ब्लीच, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग करू नये. ज्या दिवशी चेहऱ्यावर जखम, पुळी किंवा उन्हाचा लालपणा असेल, त्या दिवशी बैठक पुढे ढकलावी, मग ठरलेली वेळ गेली तरी चालेल.

प्रत्यक्ष पीलला थोडाच वेळ लागतो. चेहरा धुऊन तेल पुसून घेतात, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठ यांना व्हॅसलीन लावतात, मग ब्रशने द्रावण फिरवतात आणि घड्याळ लावतात. ग्लायकोलिक असेल तर ठरलेली मिनिटे भरताच, किंवा त्याआधी एखादी जागा लाल झाल्यास, सोड्याच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने ते थांबवतात. सॅलिसिलिक लावल्यावर चेहऱ्यावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते; ते आम्लाचे स्फटिक असतात, भाजलेली त्वचा नव्हे, हे माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही. मुंग्या येणे आणि चुरचुरणे अपेक्षित आहे. एखाद्याच ठिकाणी टोचल्यासारखी आग होत असेल तर ताबडतोब बोलावे. सोसून घेण्यात शौर्य नाही.

नंतरचे पाच-सात दिवस हाच खरा उपचार आहे. उथळ पीलनंतर दोन-तीन दिवसांनी बारीक कोंड्यासारखी साल सुटते, कधी सुटतही नाही, आणि साल सुटली नाही म्हणजे पील वाया गेले असे नसते. सुटणारी साल नखाने ओढू नये. माझ्या गालाचा डाग उन्हाइतकाच त्या ओढाओढीचाही होता, हे कबूल करायला हवे. सौम्य फेसवॉश, साधे वासविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन याखेरीज काहीही लावू नये. वाफ, जिम आणि गरम पाणी पहिले दोन दिवस टाळावे. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे, चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट भरेल एवढे घ्यावे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन निवडावे, कारण साधे सनस्क्रीन दिसणारा प्रकाश अडवत नाही. आपल्या मुली स्कूटीवर चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात. ती सैल, मऊ सुती आणि रोज धुतलेली असावी, आणि ती आहे म्हणून सनस्क्रीन वगळू नये.

दोन दिवसांनंतरही वाढत जाणारी आग, पाण्याचे फोड, पू, पिवळी खपली किंवा आठवड्यानंतरही न जाणारा लाल पट्टा दिसला, तर घरगुती कोरफड लावत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना चेहरा दाखवावा. लालपणातून तपकिरीपणाकडे जाणारा डाग पहिल्या आठवड्यात धरला तर आटोक्यात राहतो.

भाचीच्या गालांवर मुरमांचे सपाट डाग होते आणि लग्नाला सात महिने होते. डॉक्टरांनी ग्लायकोलिक बाजूला ठेवून मॅन्डेलिक पीलच्या चार बैठका आखल्या, आणि यादीतली बाकीची सहा नावे तिने खोडली. मी तिला एक वही दिली: प्रत्येक बैठकीची तारीख, आम्ल, टक्के, किती मिनिटे ठेवले, साल कधी सुटली, कुठे आग झाली, आणि सकाळी नऊ वाजता त्याच खिडकीपाशी काढलेला एक फोटो. तिसऱ्या बैठकीच्या वेळी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, तेव्हा बदली आलेल्या डॉक्टरांनी ती वही वाचली आणि वेळ चार मिनिटांवरून तीनवर आणली, कारण दुसऱ्या खेपेला हनुवटीजवळ आग झाल्याची नोंद त्यात होती.